अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या : शास्त्र काय सांगते, खर्च किती करावा?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आर्थिक पत्रके व विभागवार कामकाजाचा आढावा यांच्या जोडीने आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदाच्या लेखाचा विषय रुग्णांच्या नातेवाइकांनीच सुचविला, असे म्हटले तरी चालेल. रत्नागिरी शहरातून, तसेच लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांतून येणारी कुटुंबे औषधांच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास विचारतात : "शक्तीच्या गोळ्या दिल्या नाहीत का?" देणगीदारही मोठ्या सद्‌भावनेने विचारतात, की गोरगरीब रुग्णांसाठी अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचे खोके पाठवून द्यावेत काय.

आम्ही वैद्य नव्हे, हिशेबाची माणसे आहोत. परंतु संस्थेच्या पैशाचा आणि रुग्णाच्या खिशातील पैशाचा विनियोग योग्य होतो किंवा नाही, हे पाहणे आमच्या कर्तव्याचाच भाग आहे. या गोळ्यांमागील शास्त्र समजून घेतल्यावाचून त्यांवरील खर्च योग्य की अयोग्य हे ठरविता येत नाही. म्हणून प्रथम शास्त्र, नंतर प्रत्यक्ष माणसांवरील चाचण्यांचा ताळेबंद आणि अखेरीस आपण काय करावे, या क्रमाने हा विषय मांडीत आहोत.

खवटपणा : घरातील ओळखीचा अनुभव

कोकणातील गृहिणीला खवटपणा समजावून सांगावा लागत नाही. डबा नीट न लावल्यास पावसाळ्यात काजूगराला वास येतो. शेंगदाण्याचे तेल महिनोन्‌महिने उघडे राहिले तर त्याची चव बदलते. मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेला ताजा बांगडा खारवून, वाळवून ठेवला, की काही काळाने त्याच्या अंगावर पिवळट तांबूस झाक येते व उग्र वास सुटतो. ही सारी एकाच रासायनिक क्रियेची रूपे आहेत. हवेतील ऑक्सिजन स्निग्ध पदार्थाशी संयोग पावतो, त्यालाच मेदांचे ऑक्सिडीकरण म्हणतात.

सर्वच मेद सारख्या वेगाने खवट होत नाहीत. करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलातील व माशांच्या तेलातील मेदाम्ले अनेक ठिकाणी असंतृप्त असतात, म्हणजेच त्यांच्या कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असतात. अशा दोन दुहेरी बंधांच्या मध्ये असलेला हायड्रोजनचा अणू सैल धरलेला असतो व तो चटकन हिरावला जातो. याउलट खोबरेल तेलात संपृक्त मेदांचे प्रमाण सुमारे ९० टक्के असते, तर रातांब्याच्या बियांपासून काढलेल्या कोकमतेलात स्टिअरिक हे संपृक्त मेदाम्ल विपुल असते. त्यांत ऑक्सिजनला शिरकाव करण्यास जागा कमी, म्हणून अशी तेले ऑक्सिडीकरणाला अधिक काळ दाद देत नाहीत.

या क्रियेचा स्वभाव साखळीसारखा आहे. एका मेदरेणूतील हायड्रोजन हिरावला गेला, की तो रेणू अस्थिर होतो. शास्त्रज्ञ अशा अस्थिर रेणूला मुक्त मूलक अथवा फ्री रॅडिकल म्हणतात. तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि आपली उणीव भरून काढण्यासाठी शेजारच्या मेदरेणूतील हायड्रोजन ओढून घेतो. मग तो शेजारी अस्थिर होतो व आपल्या शेजाऱ्याकडे वळतो. एका कर्जदाराने हप्ता थकविला म्हणून दुसऱ्याचा थकावा आणि त्यामुळे तिसऱ्याचा, तसाच हा प्रकार. ही साखळी कोणी तरी थांबविल्याखेरीज थांबत नाही. प्रकाश, उष्णता, तसेच तांबे व लोखंड यांसारखे धातू तिला वेग देतात.

हीच क्रिया शरीरात

आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदांचे अतिशय पातळ पटल असते. त्यात असंतृप्त मेदाम्ले मोठ्या प्रमाणावर असतात. पेशीपटल लवचीक राहावे यासाठी ती आवश्यकच आहेत. शरीरात ऑक्सिजन सतत खेळत असतो. अन्नापासून ऊर्जा तयार होताना त्यातील काही अंश मुक्त मूलकांच्या रूपात बाहेर पडतो. तंबाखूचा धूर, हवेतील प्रदूषण, किरणोत्सर्ग, अनियंत्रित मधुमेह व दीर्घकाळचा दाह यांमुळे त्यांत भर पडते. अशा वेळी पेशीपटलातील मेदांवर जी क्रिया होते, ती डब्यातील काजूगरावर होणाऱ्या क्रियेचीच बहीण आहे. तिच्यातून मॅलॉनडायअल्डिहाइडसारखी द्रव्ये निर्माण होतात. ती प्रथिनांना व पेशीतील आनुवंशिक द्रव्यालाही इजा करू शकतात. रक्तातील अशा द्रव्यांचे मोजमाप करून मेदांची हानी किती झाली, याचा अंदाज प्रयोगशाळेत घेतला जातो.

हृदयविकाराशी या विषयाचा संबंध १९८९ साली ठळकपणे पुढे आला. अमेरिकेतील डॅनियल स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण झाल्यावर ते अधिक घातक होते. धमनीच्या अस्तरातील भक्षक पेशी असे बिघडलेले एलडीएल गिळतात, फेसाळ दिसू लागतात व तेथेच साचतात. त्यातूनच धमनी अरुंद करणारा थर तयार होऊ लागतो.

शरीराची स्वतःची व्यवस्था

ही हानी शरीर मुकाट्याने सोसत बसत नाही. त्याच्याकडे बहुस्तरीय बंदोबस्त आहे. पेशीपटलाच्या आतच जीवनसत्त्व ई बसलेले असते. साखळी आपल्यापर्यंत आली, की ते स्वतःचा हायड्रोजन देऊन अस्थिर रेणूला शांत करते. त्यानंतर ते स्वतः काहीसे अस्थिर होते खरे, परंतु पुढच्या मेदाला इजा करण्याइतके ते आक्रमक राहत नाही. जीवनसत्त्व क पाण्यात विरघळणारे असल्याने पटलाबाहेर असते व खर्ची पडलेल्या जीवनसत्त्व ई ला पुन्हा कामास लावते. याखेरीज शरीर स्वतः काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तयार करते. त्यांपैकी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचा शोध १९६९ साली लागला. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम हे मूलद्रव्य लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुक्त मूलके ही केवळ शत्रू नाहीत. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ती मुद्दाम निर्माण करतात. व्यायाम करताना स्नायूंत ती वाढतात व त्यांच्याच इशाऱ्याने स्नायू अधिक सक्षम होतात. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात काही तरुणांना व्यायामाबरोबर जीवनसत्त्व क व ई यांच्या मोठ्या मात्रा दिल्या होत्या. व्यायामामुळे इन्शुलिनचा परिणाम जो सुधारावयास हवा, तो गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सुधारला नाही. तात्पर्य, शरीराला या रेणूंचा समूळ नाश नको आहे, समतोल हवा आहे.

मोठी आशा कोठून निर्माण झाली?

डेन्हॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली वार्धक्याचे कारण मुक्त मूलके असावीत, अशी उपपत्ती मांडली. पुढे अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळले, की भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्या, रक्तात बीटा कॅरोटीन व जीवनसत्त्व ई यांचे प्रमाण अधिक असणाऱ्या लोकांत हृदयविकार व काही कर्करोग कमी असतात. रसायनशास्त्र अनुकूल, पाहण्याही अनुकूल. मग ही द्रव्ये वेगळी काढून गोळीच्या रूपाने दिली तर लाभ व्हावा, हा तर्क अगदी सरळ वाटत होता. औषधविक्रीच्या दुकानांतून हिरव्या, पिवळ्या, नारिंगी कॅप्सूलच्या पट्ट्या घरोघरी पोहोचल्या, त्या याच तर्कावर.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर गंभीर काम झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. टी. पी. ए. देवसगायम यांनी मुंबई व पुणे येथील सहकाऱ्यांसमवेत २००४ साली भारतीय वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात मुक्त मूलके व अँटिऑक्सिडंट यांचा विस्तृत आढावा लिहिला. त्यात डॉ. सरोज घासकडबी व डॉ. रा. द. लेले यांच्यासारखे जाणकार सहलेखक होते. शास्त्राचा पाया पक्का आहे, हे अशा लेखनावरून स्पष्ट होते. आता प्रश्न उरतो तो गोळीच्या उपयोगाचा.

प्रत्यक्ष चाचण्यांचा ताळेबंद

कोणत्याही औषधाची खरी परीक्षा एकाच प्रकारे होते. हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एकास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावयाची आणि काही वर्षांनी दोन्ही गटांत किती आजारी पडले, किती दगावले, हे मोजावयाचे. अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांची अशी परीक्षा अनेकदा झाली आहे.

पहिली महत्त्वाची चाचणी फिनलंडमध्ये झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ५० ते ६९ वर्षे वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष तीत सहभागी होते. त्यांपैकी काहींना जीवनसत्त्व ई, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही, तर काहींना निष्क्रिय गोळी ५ ते ८ वर्षे देण्यात आली. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ शंभरांतील अठरा जणांना कर्करोग झाला, असा नव्हे. बीटा कॅरोटीन न घेणाऱ्या गटात जेथे १०० रुग्ण आढळले, तेथे घेणाऱ्या गटात ११८ आढळले, असा त्याचा अर्थ होय.

अनेकांना हा योगायोग वाटला. परंतु अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करीत असलेले व अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ लोकांवर चाललेली दुसरी चाचणी १९९६ साली नियोजित मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. बीटा कॅरोटीन व जीवनसत्त्व अ घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी व एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक होते.

हृदयविकाराबाबत ब्रिटनमधील चाचणी विशेष बोलकी आहे. २००२ साली तिचे निष्कर्ष आले. हृदयविकार, धमन्यांचे इतर विकार किंवा मधुमेह असलेल्या २०,५३६ व्यक्तींपैकी निम्म्यांना सुमारे ५ वर्षे दररोज ६०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ई, २५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क व २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देण्यात आले. त्यांच्या रक्तात जीवनसत्त्व ई सुमारे दुपटीने, तर बीटा कॅरोटीन सुमारे चौपटीने वाढले. म्हणजे खात्यावर रक्कम रीतसर जमा झाली होती. पण परतावा शून्य. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, कर्करोग, मृत्यू यांपैकी कशातही घट झाली नाही. त्याच चाचणीत सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या साध्या गोळीचीही परीक्षा झाली. तिच्यामुळे मात्र हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एकचतुर्थांशाने घटल्या. एकाच चाचणीत, एकाच प्रकारच्या रुग्णांत एका गोळीचा लाभ दिसला व दुसरीचा दिसला नाही, यापेक्षा अधिक स्पष्ट पुरावा कोणता असू शकेल?

जीवनसत्त्व ई ची ४०० युनिटांची कॅप्सूल आपल्याकडे फार प्रचलित आहे. नेमक्या याच मात्रेची परीक्षा ३५,५३३ पुरुषांवर २००१ पासून झाली. उपयोग दिसत नसल्याने २००८ साली गोळ्या थांबविण्यात आल्या. पुढे २०११ साली असे जाहीर झाले, की केवळ जीवनसत्त्व ई घेतलेल्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक होता.

अशा ७८ चाचण्यांचा व त्यांतील २,९६,७०७ व्यक्तींचा एकत्रित हिशेब कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली मांडला. आयुष्य वाढविण्यासाठी अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा लाभ दिसत नाही, उलट बीटा कॅरोटीन व जीवनसत्त्व ई यांमुळे मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. जीवनसत्त्व क व सेलेनियम यांचा लाभही नाही व अपायही नाही, असे दिसले. अमेरिकेतील रोगप्रतिबंधविषयक तज्ज्ञमंडळाने २०२२ साली हृदयविकार व कर्करोग टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन व जीवनसत्त्व ई घेऊ नये, अशी शिफारस केली.

तर्क बरोबर, मग निष्पत्ती अशी का?

याची काही कारणे आता समजली आहेत. एक म्हणजे, भाज्या व फळे भरपूर खाणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, चालतो-फिरतो, वजनही आटोक्यात ठेवतो. त्याच्या रक्तातील बीटा कॅरोटीन ही त्याच्या एकूण राहणीची खूण असते. खूण विकत घेतली म्हणून राहणी विकत मिळत नाही. दुसरे म्हणजे, फळात एकच द्रव्य नसते. तंतू, पोटॅशियम व अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये तेथे एकत्र काम करीत असतात. तिसरे म्हणजे, पोषण पुरेसे असलेल्या शरीरात ही द्रव्ये गरजेइतकी असतातच. प्रौढ माणसाची जीवनसत्त्व ई ची दैनंदिन गरज साधारण १० मिलिग्रॅमच्या घरात आहे. बाजारातील मोठ्या कॅप्सूलमध्ये तिच्या कित्येक पट मात्रा असते. भरलेल्या विहिरीत आणखी घागरी ओतल्याने पाणी वाढत नाही. चौथे कारण धूम्रपान करणाऱ्यांविषयीचे आहे. धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटीनचेच ऑक्सिडीकरण होऊन त्यापासून अपायकारक द्रव्ये बनत असावीत, असे संशोधकांचे मत आहे.

तंबाखूचा मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. विडी, तंबाखू व स्त्रियांमधील मिश्री यांचे प्रमाण कमी नाही. तोंडात पांढरे चट्टे येणे ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. केरळमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा चट्ट्यांवर जीवनसत्त्व अ व बीटा कॅरोटीन देऊन पाहिले गेले. काही जणांचे चट्टे गेले. परंतु गोळी थांबविल्यावर त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ते पुन्हा आले. म्हणून तोंडातील चट्टा दाखवावयास आलेल्या रुग्णाच्या हाती जीवनसत्त्वाची पट्टी देऊन त्याची समजूत काढणे धोक्याचे आहे. त्याने तंबाखू सोडणे व तपासणी करून घेणे, हाच खरा उपाय होय.

आपले कोकम : अभिमान आणि विवेक

या विषयाची एक बाजू थेट आपल्या अंगणातील आहे. २००६ साली भाभा अणुसंशोधन केंद्राशी संबंधित संशोधकांनी कोकम व त्याचे सरबत यांच्या अँटिऑक्सिडंट गुणांचा अभ्यास 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निरनिराळ्या प्रयोगशाळा-कसोट्यांवर कोकमाचा हा गुण चांगला आढळला. रातांब्याच्या सालीतील गार्सिनॉल व तिला गडद लाल रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्ये यासाठी प्रसिद्ध आहेत. कोकणवासीयांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु वर मांडलेला ताळेबंद येथेही लागू होतो. परीक्षानळीत मुक्त मूलके शांत करणारे द्रव्य माणसाच्या शरीरात आजार टाळतेच, असे मानता येत नाही. बीटा कॅरोटीनदेखील परीक्षानळीत उत्तम गुण घेऊन उत्तीर्ण झाले होते. सबब, जेवणानंतर वाटीभर सोलकढी घ्यावी, आमटीत आमसूल घालावे, तो आपल्या आहाराचा उत्तम भाग आहे. मात्र कोकमाच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल हृदयविकारावर अथवा कर्करोगावर उपाय म्हणून घेऊ नयेत व त्यासाठी चालू औषधे तर मुळीच बंद करू नयेत. आणखी एक सूचना. मधुमेही रुग्णाने कोकम सरबतातील साखरेचा व रक्तदाबाच्या रुग्णाने आगळातील मिठाचा विचार अवश्य करावा.

गोळी केव्हा योग्य?

जीवनसत्त्वांच्या गोळ्या सरसकट निरुपयोगी आहेत, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. उणीव असेल तेथे तीच गोळी औषध ठरते. बालकांना सरकारी कार्यक्रमातून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारी जीवनसत्त्व अ ची मात्रा डोळ्यांच्या रक्षणासाठी आहे. ती चुकवू नये. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आवश्यक आहेत. मात्र गरोदरपणात जीवनसत्त्व अ ची मोठी मात्रा गर्भाला अपाय करू शकते, म्हणून ती स्वतःहून घेऊ नये.

वार्धक्यात डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या विशिष्ट अवस्थेत जस्त व अँटिऑक्सिडंट यांच्या ठरावीक मिश्रणाने दृष्टी अधिक बिघडण्याचा वेग कमी होतो, असे अमेरिकेतील नेत्रसंशोधनाने २००१ साली दाखविले. २०१३ सालच्या पुढील अभ्यासानंतर त्या मिश्रणातील बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन व झियाझँथीन ही द्रव्ये सुचविण्यात आली. यकृतातील मेदामुळे सूज आलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या काही रुग्णांत जीवनसत्त्व ई चा लाभ २०१० सालच्या अभ्यासात दिसला. या सर्व ठिकाणी निदान डॉक्टरांनी करावयाचे, मात्रा व मुदतही त्यांनीच ठरवावयाची.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जीवनसत्त्व ई ची मोठी मात्रा घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. कर्करोगावर केमोथेरपी अथवा किरणोपचार चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या उपचारात अडथळा आणू शकतात, अशी शंका तज्ज्ञांना आहे. शेजाऱ्यांनी आपुलकीने आणून दिलेली पट्टी असली, तरी ती प्रथम डॉक्टरांना दाखवावी.

घरात काय करता येईल?

मेदांचे ऑक्सिडीकरण टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय स्वयंपाकघरात आहे. तेल घट्ट झाकणाच्या भांड्यात, उजेड व शेगडी यांपासून दूर ठेवावे. महिन्याला लागेल तेवढेच आणावे. काजूगर, शेंगदाणे, जवस व तीळ हवाबंद ठेवावेत आणि खवट झालेले पोटात न घालता टाकून द्यावेत. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नये. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील बिघाडाची मर्यादा ठरवून दिली आहे. त्यातील ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरावयाचे नसते. घरी हे मोजता येत नाही, परंतु तेल काळपट, दाट, फेसाळ झाले व लवकर धूर सोडू लागले, की त्याचे आयुष्य संपले असे समजावे.

तारली व बांगडा यांत ओमेगा-३ मेदाम्ले विपुल असतात. ती नाजूक असल्याने मासळी ताजी खावी. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्येही तेल खवट होऊ नये म्हणून बहुधा जीवनसत्त्व ई घातलेले असते. तेथे ते आपले रक्षणाचे काम चोख बजावते, परंतु ते काम कॅप्सूलमधील तेलापुरते असते. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला, लाल माठ, भोपळा, हंगामात हापूस व पपई, मूठभर शेंगदाणे हा आपल्या भागात मिळणारा अँटिऑक्सिडंट आहार होय. त्याच्या जोडीने तंबाखू सोडणे, रोज चालणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे हे केले, म्हणजे मेदांच्या ऑक्सिडीकरणाला मुळातच आळा बसतो.

देणगीदारांस व कुटुंबीयांस विनंती

अखेरीस थोडा हिशेब. अशी एक गोळी ५ रुपयांची धरली, तर एका माणसाला वर्षाला १,८२५ रुपये व चौघांच्या घराला ७,३०० रुपये खर्च येतो. ज्या घरात आजोबांची रक्तदाबाची गोळी "एक दिवसाआड घेतली तर चालेल का" असे विचारले जाते, त्या घरात हा खर्च परवडणारा नाही. रक्तदाबाची गोळी खंडित झाल्याने होणारा पक्षाघात ही केवळ कल्पना नव्हे. तो रोगी झालेला माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारे घर, दोन्ही आम्ही वॉर्डात पाहतो. पैसा मर्यादित असेल तेव्हा तो प्रथम सिद्ध झालेल्या औषधावर, नंतर अंडी, कडधान्ये, फळे यांवर खर्च करावा. शक्तीच्या गोळीचा क्रम त्यानंतर येतो आणि पुष्कळदा तो येतच नाही.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे, की जीवनसत्त्वांचे खोके पाठविण्यापूर्वी रुग्णालयाकडून आवश्यक औषधांची यादी मागवून घ्यावी. इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, चाचण्यांचा खर्च, दुरून येणाऱ्या रुग्णाचे बसभाडे यांत दिलेला रुपया थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. क्षयरोग्याला पोषक आहार देऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०२२ साली सुरू झालेली नि-क्षय मित्र योजना हा उत्तम मार्ग आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी औषधांच्या खिडकीपाशी अवश्य प्रश्न विचारावा. फक्त "शक्तीची गोळी का नाही?" याऐवजी "यांतील कोणती गोळी एक दिवसही चुकवावयाची नाही?" असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे व ते घरातील सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे.



आपले नम्र,
रुग्णालय प्रशासन, रत्नागिरी